रेंडरमधला उजेड आणि खोलीतला उजेड

व्हिक्टोरिया टर्मिनसचं, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं एक गाजलेलं जलरंगचित्र १८७८ सालचं आहे. इमारत पुरी झाली १८८८ मध्ये. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावरून हे चित्र अ‍ॅक्सल हेग यांनी काढलं. ते जन्माने स्वीडिश आणि इंग्लंडात स्थायिक झालेले चित्रकार होते. स्टेशनाचा घुमट मुंबईकरांना दिसायला अजून दहा वर्षं होती, तेव्हा तो कागदावर रंगून तयार होता. इमारत बांधण्याआधीच ती कशी दिसेल ते दाखवणाऱ्या ज्या चित्राला आज आपण ‘रेंडर’ किंवा नुसतं ‘थ्रीडी’ म्हणतो, त्याची या शहराशी ओळख एवढी जुनी आहे.

चित्र उत्तम उतरलं म्हणून इमारत उभी राहतेच असं मात्र तेव्हाही नव्हतं. विल्यम बर्जेस यांनी १८६० च्या दशकात जे. जे. कलाशाळेसाठी केलेला आराखडा इंग्लंडात वाखाणला गेला, पण मुंबईत त्याची एक वीटही रचली गेली नाही.

पुढची शंभर वर्षं हे काम हातांनी केलं. ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर, रोट्रिंगची पेनं, अमोनियाच्या वासाचे प्रिंट आणि शेवटी पोस्टर कलर किंवा एअरब्रशने रंगवलेला पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे डोळ्याला दिसेल तसं इमारतीचं चित्र. त्यातली सावली चित्रकाराच्या अंदाजाने पडायची आणि ते सगळ्यांना मान्य होतं. सूर्याचा खरा विचार चित्रापेक्षा छेदचित्रात, म्हणजे इमारत उभी कापून आतलं दाखवणाऱ्या सेक्शनमध्ये व्हायचा. वास्तुकार चार्ल्स कोरिया यांची कंबाला हिलवरची ‘कांचनजुंगा’ इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, आणि दुपारचं ऊन व पावसाचा मारासुद्धा पश्चिमेलाच. त्यावर कोरियांनी कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या गच्च्या कोरल्या आणि खोल्या आत घेतल्या. हवामानाचं हे गणित त्यांनी जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यांवरून बांधलं होतं.

संगणकाकडे हे काम कसं गेलं, याची सुरुवात मुंबईपासून लांब झाली. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीत ‘स्केचपॅड’ करून पडद्यावर रेघ ओढता येते हे दाखवलं. १९७० च्या दशकात युटा विद्यापीठात गूरो आणि फाँग यांनी वक्र पृष्ठभाग गुळगुळीत कसा रंगवायचा याची सूत्रं दिली. टर्नर व्हिटेड यांनी १९८० मध्ये ‘रे ट्रेसिंग’ची पद्धत मांडली: डोळ्यातून किरण सोडायचा, तो काचेवर किंवा आरशावर आपटला की पुढे कुठे जातो ते पाहत राहायचं. त्यामुळे काच, पाणी, चकाकती फरशी हुबेहूब दिसू लागली. घराच्या आतला उजेड मात्र तसा दिसेना, कारण खोलीतला बराचसा उजेड थेट खिडकीतून येतच नाही. तो आधी फरशीवर पडतो, तिथून छतावर, छतावरून भिंतीवर. चाळीतल्या आतल्या खोलीत दुपारी जो मंद प्रकाश असतो, तो सगळा असा हातोहात आलेला असतो.

हे कोडं कॉर्नेल विद्यापीठात सुटलं, आणि ते सोडवणाऱ्या गटाचे प्रमुख डोनाल्ड ग्रीनबर्ग हे वास्तुकला आणि अभियांत्रिकी दोन्ही शिकलेले होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९८४ मध्ये या गटाने ‘रेडिओसिटी’ची पद्धत प्रसिद्ध केली. तिचं गणित उष्णतेच्या अभियांत्रिकीतून आलं होतं: भट्टीच्या भिंती एकमेकींना किती उष्णता देतात ते ज्या समीकरणांनी काढतात, त्याच समीकरणांनी खोलीच्या भिंती एकमेकींना किती उजेड देतात ते काढायचं. उत्तर बरोबर आहे का, हे पाहायला त्यांनी रंगीत भिंतींची एक खरी पेटी बांधली. पुढे १९८६ च्या प्रयोगात ती पेटी आणि संगणकातली पेटी लोकांना शेजारीशेजारी दाखवली, तेव्हा बघणाऱ्यांना खरी कोणती ते नीट ओळखता आलं नाही. चित्र सुंदर आहे की नाही, हा त्या प्रयोगाचा प्रश्नच नव्हता. मोजलेला उजेड आणि काढलेला उजेड जुळतात का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. त्याच वर्षी जेम्स काजिया यांनी हे सगळं एका समीकरणात बसवलं. आजचे बहुतेक सगळे रेंडरर, म्हणजे रेंडर काढणारी सॉफ्टवेअरं, अजून तेच समीकरण कमी-अधिक तडजोडी करून सोडवतात.

या कथेत मुंबईचं एक पान आहे आणि ते इथल्याच आर्किटेक्टना फारसं ठाऊक नसतं. जुहूला नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही सरकारी संस्था होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या संगणक केंद्रातून ती १९८५ मध्ये वेगळी झाली आणि पुढे सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत विलीन झाली. तिथे सुधीर मुदूर आणि सुमंत पटनायक यांनी १९९० च्या सुमारास उजेडाच्या याच प्रश्नावर काम केलं. प्रकाश म्हणजे दिव्यातून सुटलेले कण मानायचे आणि ते खोलीत कुठे आपटतात, कुठे शोषले जातात, हे यदृच्छेने, म्हणजे माँटे कार्लो पद्धतीने मोजायचं, हा त्यांचा १९९२ चा निबंध. १९९३ मध्ये त्यांनी ‘पोटेन्शियल’चं समीकरण मांडलं. एखाद्या कोपऱ्यातला उजेड शेवटच्या चित्राला किती उपयोगी पडणार, हे उलट्या दिशेने मोजणारं ते समीकरण आहे. ते कळलं की नको तिथे किरण वाया घालवावे लागत नाहीत. पुढच्या संशोधनात ही कल्पना रुजली, आणि पटनायक यांनी नंतर कॉर्नेलमध्ये ग्रीनबर्ग यांच्यासोबतही काम केलं. परळ-वरळीच्या टॉवरांचे व्ह्यू, म्हणजे ग्राहकाला दाखवायची रेंडर-चित्रं, जिथे बनतात त्या शहरात त्या व्ह्यूंच्या गाभ्याचं गणित लिहिलं गेलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

बाजारात मात्र वेगळीच घोडदौड चालली होती. आराखडे काढायचं ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर १९८२ मध्ये आलं, रेंडर काढायचं थ्रीडी स्टुडिओ १९९० मध्ये, आणि त्याचीच विंडोजवरची आवृत्ती थ्रीडी स्टुडिओ मॅक्स १९९६ मध्ये. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या मशीनवर ते चालायचं. या मॅक्समध्ये बाहेरचा उजेड ठीक यायचा, आतला नाही, म्हणून लोक न दिसणारे दिवे खोलीभर पेरून तो खोटा उजेड उभा करायचे. मग बल्गेरियातल्या सोफियाहून २००२ मध्ये व्ही-रे हे रेंडरर आलं आणि ही सगळी पेरणी थांबली. सूर्य लावा, आकाश लावा, रेंडरला लावा आणि घरी जा, सकाळी व्ह्यू तयार.

व्ही-रेला हा वेग कुठून मिळाला, ते सांगायलाच हवं. त्यातली ‘इरेडियन्स मॅप’ ही युक्ती ग्रेग वॉर्ड आणि सहकाऱ्यांच्या १९८८ च्या कामावर उभी आहे. भिंतीवरचा उजेड सावकाश बदलतो, तेव्हा प्रत्येक ठिपक्याला हिशेब न करता थोड्या जागी नीट मोजायचा आणि मधलं जुळवून घ्यायचं. वॉर्ड हे काम अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत करत होते, आणि त्यांचं ‘रेडियन्स’ हे सॉफ्टवेअर ब्रोशरसाठी नव्हतंच. टेबलावर किती लक्स (उजेड मोजायचं एकक) पडतील, दिव्यांची वीज किती वाचेल, हे काढायला ते केलेलं होतं. म्हणजे विकायचं चित्र आणि मोजायचा उजेड या दोघांचं मूळ एकच, फक्त पुढे वाटा फुटल्या. चित्राच्या वाटेवर स्केचअप, लुमियन, एन्स्केप ही सॉफ्टवेअरं आली, २०१८ नंतर किरणांसाठी खास बनवलेली ग्राफिक कार्डं आली, आणि रात्रभराचं काम काही मिनिटांवर आलं. मोजणीच्या वाटेवर रेडियन्स राहिलं, इमारतीच्या ऊर्जेसाठी २००१ मध्ये एनर्जीप्लस आलं, वाऱ्यासाठी सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं संगणकी गणित, आलं. मुंबईत या दुसऱ्या वाटेने बहुतेक हरित प्रमाणपत्र घेणारे प्रकल्पच गेले.

पहिल्या वाटेवर काय होतं, ते एकच व्ह्यू जवळून पाहिला तरी कळतं. दहा बाय बाराची बेडरूम आहे. कॅमेरा तिच्यात मावत नाही, म्हणून तो भिंतीच्या बाहेर ठेवून भिंत फक्त कॅमेऱ्यापुरती कापतात. लेन्स इतकी रुंद घेतात की पलंगाच्या पलीकडे दोन माणसं नाचतील असं वाटावं. खिडकीबाहेर शेजारची इमारत नसते, कारण ती फाइलमध्ये आणलेलीच नसते, तिथे आकाशाचा तयार फोटो असतो. आणि ऊन तिरकं, लांब, सोनेरी. असं ऊन लंडनला डिसेंबरच्या भर दुपारी पडतं, तेव्हा तिथे सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंशांवर असतो. मुंबई १९ अंश उत्तरेला. इथे डिसेंबरातही दुपारचा सूर्य ४७ अंशांच्या वर असतो, आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो माध्यान्हीला चक्क उत्तरेकडे झुकतो. दक्षिणेच्या खिडकीत तेव्हा माध्यान्हीचं ऊन शिरतच नाही, आणि जूननंतर तर आकाशच राखाडी असतं. सॉफ्टवेअरमध्ये मुंबईचे अक्षांश भरायची सोय पहिल्यापासून आहे. ते भरले तर व्ह्यू ‘फिका’ दिसतो, म्हणून भरले जात नाहीत.

पुनर्विकासाच्या सभेत सोसायटीचे सभासद पडद्यावर वॉकथ्रू, म्हणजे घरातून फिरवून आणणारी रेंडरची फिल्म, पाहून मत बनवतात, तेव्हा या निवडींचं मोल पैशांत मोजता येत नाही. कुर्ल्यातल्या किंवा विलेपार्ल्यातल्या आजीआजोबांना त्या खोलीत उरलेलं आयुष्य काढायचं असतं.

दुसऱ्या वाटेचं गणित या शहरात कशाला उपयोगी पडतं, याचं सर्वांत ठळक उदाहरण मानखुर्द-गोवंडीतलं आहे. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी कॉलनी या तीन पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी अभ्यास केला. त्याचा अहवाल २०१८ मध्ये चर्चेत आला. पहिल्या दोन वसाहतींत इमारतींमध्ये सुमारे तीन मीटरचंच अंतर आहे. संशोधकांनी घरोघरी क्षयरोगाची माहिती घेतली आणि त्याच इमारतींत उजेड नि वारा किती पोहोचतो याचं संगणकावर सिम्युलेशन केलं. खालच्या मजल्यांवर उजेड-वारा कमी आणि आजार जास्त, असं चित्र निघालं. तुलनेने मोकळ्या पीएमजीपी कॉलनीत प्रमाण बरंच कमी होतं. रेंडरिंगच्या तंत्राचा मुंबईत याहून मोलाचा वापर मला ठाऊक नाही, आणि तो इमारती बांधून, माणसं राहायला जाऊन झाल्यावर झाला याचं दुःखही तेवढंच आहे.

कायदा दोन्ही बाजूंनी अर्ध्यावर आहे. घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या रेरा कायद्याचं १२ वं कलम म्हणतं की जाहिरातीतल्या किंवा नमुना सदनिकेतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर विकासकाने भरपाई द्यायची. ग्राहकाला व्याजासह पैसे परत घेऊन बाहेर पडायचीही मुभा आहे. पण व्ह्यूमध्ये दाखवलेलं ऊन ही ‘माहिती’ आहे असं सहसा कुणी धरत नाही. दुसरीकडे राष्ट्रीय इमारत संहिता उष्ण-दमट हवामानात खिडक्यांचं क्षेत्र खोलीच्या क्षेत्राच्या एक-षष्ठांश असावं असं सांगते. हा झाला भोकाचा आकार. भोकाबाहेर तीन मीटरवर वीस मजल्यांची भिंत असली, तरी एक-षष्ठांशाचा हिशेब तोच राहतो.

वॉकथ्रूसाठी बनवलेल्या मॉडेलमध्ये भिंती, स्लॅब, खिडक्या सगळं आधीच असतं. त्यात शेजारच्या इमारती त्यांच्या खऱ्या उंचीने उभ्या कराव्या लागतात, काचेतून किती उजेड पार होतो आणि भिंतीचा रंग किती परत फेकतो हे आकडे भरावे लागतात, आकाश जुलैचं ढगाळ घ्यावं लागतं. रेडियन्स २००२ पासून मुक्त स्रोत आहे, त्याला पैसे पडत नाहीत. उत्तर लक्समध्ये येतं, आणि दुसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघरासाठी वेगळं, विसाव्या मजल्यासाठी वेगळं येतं.