जंगलाचे कपडे घेताना पैसा कुठे घालावा

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात येणारे बरेच जण मोबाइलवर एखाद्या परदेशी कंपनीच्या हंटिंग पँटचा किंवा जॅकेटचा फोटो दाखवतात आणि विचारतात, "भाऊ, असं काही आहे का?" आधी एक गोष्ट साफ सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे आणि त्या कामासाठी आम्ही काहीही विकत नाही. कपडा म्हणून मात्र ते कपडे खरंच चांगले असतात. काट्याकुट्यातून दिवसभर चालणाऱ्या आणि तासन्‌तास गप्प बसणाऱ्या माणसासाठी ते बनवलेले असतात. मेळघाटातला ट्रेक, पेंचची सफारी, बुद्धपौर्णिमेची प्राणी मोजायची मचाणावरची रात्र, वनरक्षकाची पायी गस्त, सगळीकडे गरज तीच आहे. फरक हवेचा आहे. ते कपडे बर्फाळ डोंगरांसाठी शिवलेले आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर चढतो. त्यांची यादी जशीच्या तशी उचलली तर निम्मे पैसे वाया जातात.

म्हणून आमचा सल्ला असा: बजेट बेताचं असेल तर पैसा कमरेच्या खाली घाला. आपल्या रानात कपडा फाटतो, भिजतो, कुसळांनी भरतो तो तिथेच.

पँट

जीन्स भिजली की जड होते आणि लवकर वाळत नाही. लोअर तर गवतात घालूच नका. त्याच्या सैल विणीत कुसळ एकदा शिरलं की उपटून निघत नाही, उलट चालताना आणखी आत सरकतं. घट्ट विणलेलं कापड हवं. नायलॉन किंवा पॉलिस्टर-कॉटन मिश्रण, वजन साधारण 180 ते 220 जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम. कापड उजेडात धरलं की बारीक चौकटी दिसतात, त्याला रिपस्टॉप म्हणतात. ठरावीक अंतरावर जाड धागा घातलेला असतो, त्यामुळे बाभळीच्या काट्यानं भोक पडलं तरी ते फाटत पुढे जात नाही.

आता पँट उलटी करून आसन बघा. दोन्ही पायांच्या मध्ये शंकरपाळ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला असेल तर पँट चांगली. तो नसेल तर चारही शिलाया एकाच ठिकाणी येऊन मिळतात आणि सफारीच्या उघड्या जिप्सी गाडीत चढताना पहिली तिथेच उसवते. ट्रायल रूममध्ये आरशासमोर नुसते उभे राहू नका. उकिडवे बसा, एक पाय स्टुलावर ठेवा. गुडघ्याला ओढ बसली तर दुसरी मागा, आम्ही कंटाळत नाही.

हे सगळं तयार पँटीतच मिळतं असंही नाही. नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडबाजारातून चांगलं ड्रिल (जाड, तिरप्या विणीचं) कापड घेऊन ओळखीच्या शिंप्याकडून आसनाचा तुकडा आणि गुडघ्यावर दुहेरी थर टाकून शिवून घेतलं तर पँट अनेक वर्षं चालते. आमचं एक गिऱ्हाईक कमी होईल, पण खरं ते खरं.

पावसाचं जॅकेट

इथे लोक सर्वांत जास्त फसतात. महागड्या जॅकेटच्या कापडात अतिशय बारीक छिद्रांचा पडदा असतो. 1969 मध्ये सापडलेल्या गोअर-टेक्सपासून हा प्रकार सुरू झाला. पाण्याचा थेंब त्या छिद्रातून आत येत नाही, घामाची वाफ मात्र बाहेर जाते. पण ती वाफ बाहेर जायला आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट असावी लागते. थंड, कोरड्या डोंगरात हे छान जमतं. ऑगस्टमध्ये चिखलदऱ्याला बाहेरची हवाच ओलीचिंब असते, मग वाफ जाणार कुठे? वीस हजारांचं जॅकेट घालूनही माणूस आतून घामानं भिजतो.

म्हणून मध्यम किमतीचं, पण बगलेखाली चेन असलेलं जॅकेट घ्या. ती उघडली की वारा खेळतो. कापड पाण्याचा किती दाब सोसतं ते लेबलवर मिमीमध्ये दिलेलं असतं. 5,000 मिमी लिहिलेलं असेल तर साध्या पावसाला पुरतं, तासन्‌तास मुसळधार पावसात चालायचं असेल तर 10,000 बघा. आतून प्रत्येक शिलाईवर पट्टी चिकटवलेली आहे ना, हे बोट फिरवून तपासा. पट्टी नसेल तर पाणी सुईच्या भोकांतून येतं, मग आकडा कितीही मोठा असो. पाठीवर सॅक असेल तर सॅकसकट झाकणारा पोंचो अर्ध्या पैशात काम करतो. दिसायला बरा नाही, एवढंच.

उन्हाळा आणि हिवाळा

"कॉटन घालू नका" हा थंड प्रदेशातला नियम आहे. तिथे ओलं कॉटन अंगाची ऊब ओढून घेतं. विदर्भातल्या कोरड्या उन्हात तेच ओलं कॉटन अंग गार ठेवतं. पातळ, सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि डोक्याला दुपट्टा यापेक्षा चांगली तांत्रिक वस्तू आमच्या कपाटात नाही. पावसाळ्यात मात्र सुती नको.

डिसेंबरच्या पहाटे उघड्या जिप्सीत बोचतो तो वारा. एका जाड जॅकेटपेक्षा फ्लीस (लोकरीसारखं मऊ, उबदार कृत्रिम कापड) आणि त्यावर वारा अडवणारं पातळ विंडचीटर घ्या. नऊ वाजता ऊन चढलं की एकेक काढून सॅकमध्ये जातं. फ्लीस घालून शेकोटीजवळ बसताना जपा, एका ठिणगीनं भोक पडतं.

रंग आणि आवाज

कॅमो, म्हणजे सैनिकी कपड्यांसारखी झाडाझुडपांत मिसळणारी छाप, मागणारे खूप असतात. सैन्याची 2022 मध्ये आलेली नवी डिजिटल छाप नोंदणीकृत आहे, तिची नक्कल आम्ही ठेवत नाही आणि तुम्हीही बाहेरून घेऊ नका. छापेची तशी गरजही नाही. चितळ-सांबरांना नारिंगी आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, म्हणून तर वाघाचा रंग त्यांच्या नजरेला गवतात मिसळतो. निळा रंग मात्र त्यांना ठळक दिसतो. म्हणजे निम्मी गाडी जी निळी जीन्स घालून येते, तीच सर्वांत वाईट! मातकट, खाकी किंवा वाळल्या गवताचा रंग पुरे.

रंगापेक्षा आवाज जास्त घात करतो. जॅकेट घेताना बाही बाहीवर घासा. प्लास्टिकच्या पिशवीसारखं करकरलं तर मचाणासाठी नको. खिशाला वेल्क्रो नको, बटण बरं. कॅमेरा काढताना होणारा तो चर्रर्र आवाज पाणवठ्यावर आलेल्या जनावराला पुरेसा असतो.

धुणं, बिल आणि बदल

जास्त पांढरं करणारी पावडर वापरू नका, तिची चमक हरणांच्या डोळ्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसते. पावसाच्या जॅकेटला फॅब्रिक कंडिशनर लावू नका, वरचा पाणी झटकणारा थर मरतो.

2500 रुपयांपर्यंतच्या कपड्यावर जीएसटी 5 टक्के आहे, त्यावरच्या किमतीला 18. पँट या रेषेच्या जराशीच वर जात असेल तर आम्हाला विचारा, तशीच दुसरी रेषेखाली बहुधा निघते.

न वापरलेला, लेबल असलेला कपडा बिलासह आणल्यास बदलून मिळेल. शिलाई उसवली तर आम्ही फुकट मारून देऊ. काट्यानं फाटलेलं बदलून मिळणार नाही, पण रफूवाला आमच्या ओळखीचा आहे. त्याच्याकडे पाठवू, मजुरी तेवढी तुमची.