वटवाघळांसाठी गुहा बंद का झाल्या?

ठाण्यातली ट्रेकर मंडळी गुहांना सरावलेली असतात. गोरखगडाच्या कातळगुहेत मुक्काम, नाणेघाटातली रात्र, एखाद्या रविवारी लोनाडची लेणी. ज्यांना केव्हिंगची, म्हणजे गुहा धुंडाळण्याची, गोडी लागते ते थेट मेघालय गाठतात आणि चिखलात सरपटत तिथल्या ‘क्रेम’ (खासी भाषेत गुहा) पालथ्या घालतात. यातलं कुणी अमेरिकेत गेलं आणि गुहेच्या तोंडाशी ‘वटवाघळांच्या आजारामुळे प्रवेश बंद’ अशी पाटी दिसली, की पहिला समज हाच होतो की वटवाघळांपासून आपल्याला काहीतरी होईल. कोविडनंतर तर हा समज घट्टच झालाय. प्रत्यक्षात त्या पाटीमागचा धोका वटवाघळांना आहे, आणि तो पोहोचवणाऱ्यांत आपणही असू शकतो.

फेब्रुवारी २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आल्बनी शहराजवळच्या एका गुहेत एका केव्हरने झोपलेल्या वटवाघळांचे फोटो काढले. त्यांच्या नाकाभोवती, पिठात तोंड घातल्यासारखी, पांढरी बुरशी होती. पुढच्याच हिवाळ्यात त्या भागात वटवाघळं ढिगाने मेलेली सापडली, तेव्हा त्या फोटोंचं मोल कळलं. या आजाराला व्हाइट-नोज सिंड्रोम म्हणतात. बुरशीची शास्त्रीय ओळख २००९ मध्ये पटली आणि मृत्यूंचं कारण तीच आहे हे २०११ मध्ये प्रयोगाने सिद्ध झालं.

ही बुरशी विष देऊन मारत नाही. थंड प्रदेशातली वटवाघळं हिवाळाभर गुहेत निपचित असतात; शरीर जवळपास गुहेइतकं थंड, श्वास मंद, आणि शरद ऋतूत साठवलेली चरबी वसंतापर्यंत पुरवायची. बुरशी पंखांच्या पातळ कातडीत शिरते, शरीरातलं पाणी आणि क्षार यांचा तोल बिघडवते, आणि प्राणी पुन्हा पुन्हा जागा होतो. प्रत्येक जागेपणी चरबी जळते. बाहेर बर्फ, हवेत एकही किडा नाही. भर हिवाळ्यात उपाशी वटवाघळं दिवसाढवळ्या बाहेर पडतात आणि मरतात. २०१२ पर्यंत मेलेल्यांचा अंदाज ५७ ते ६७ लाखांचा होता. बहुतेक जातींत मादीला वर्षाला एकच पिल्लू होतं, त्यामुळे ही तूट भरायला कित्येक दशकं जातील.

ही बुरशी युरोप-आशियातली. तिथली वटवाघळं तिच्यासोबत जगतात, त्यांच्यात असे घाऊक मृत्यू होत नाहीत. मग ती अटलांटिक ओलांडून आली कशी? वटवाघूळ तर समुद्रापार उडून गेलेलं नाही. बहुतेकांचा संशय माणसाच्या बुटांवर, कपड्यांवर, दोरांवर आहे. म्हणूनच मार्च २००९ मध्ये अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने बाधित आणि लगतच्या राज्यांतल्या केव्हरना गुहांत जाणं थांबवण्याची विनंती केली, आणि त्याच वर्षी वन खात्याने पूर्वेकडच्या जंगलांतल्या गुहा बंद केल्या.

केव्हर नाराज झाले, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. रोग मुख्यतः वटवाघळांकडूनच वटवाघळांना होतो, आणि पहिला पुरावा देणारा तर केव्हरच होता. तरीही मला ती बंदी योग्य वाटते. वटवाघळं रोग हळूहळू पुढे नेतात, माणूस एका विमानप्रवासात हजारो किलोमीटर पार करतो. २०१६ मध्ये हा आजार वॉशिंग्टन राज्यात सापडला, तोवरच्या पश्चिम टोकापासून सुमारे २,१०० किलोमीटर दूर. पुढे बऱ्याच ठिकाणी सरसकट बंदीऐवजी फक्त हिवाळी मुक्कामाच्या गुहा बंद ठेवून बाकीच्या ठिकाणी सफाईचे नियम आले: चिखल घासून काढायचा, मग सामान ५५ अंशांच्या गरम पाण्यात २० मिनिटं बुडवायचं, आणि बाधित भागातलं सामान स्वच्छ भागात न्यायचंच नाही.

आपल्या सह्याद्रीत हा आजार फोफावण्याची भीती नाही. ही बुरशी २० अंशांच्या वर वाढत नाही, आणि इथली वटवाघळं अशी महिनोन् महिने गारठून झोपतही नाहीत. आपल्याकडे प्रश्न उलट दिशेने आला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूची प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं) आढळल्याची बातमी २०२१ मध्ये आली, तेव्हा अनेकांच्या मनात गुहा म्हणजे रोगाचं घर झालं. प्रतिपिंडं सापडणं म्हणजे त्या गुहेतून माणसांना लागण झाली असं नव्हे, पण बातमी वाचताना हा फरक निसटतो. त्या भीतीपोटी धूर करून वटवाघळं हाकलणं हा सगळ्यात वाईट उपाय. घाबरलेली वटवाघळं विखुरतात, आणि आईच्या अंगाला बिलगलेली पिल्लं खाली पडून मरतात. टॉर्चचा झोत आणि फ्लॅशनेही तेच होऊ शकतं.

मेघालयाला किंवा हिमालयातल्या थंड गुहांना जाणाऱ्या ठाणेकरांनी एक पथ्य मात्र पाळायलाच हवं. युरोप-अमेरिकेतल्या गुहेत वापरलेले बूट, हार्नेस आणि दोर तिकडे नेऊ नयेत. गुहेतल्या चिखलात या बुरशीचे बीजाणू वर्षानुवर्षं तग धरतात.