जुनी चेनसॉ घरी उघडण्याआधी

हे पत्रक मॅग्नेटखाली (चुंबक बसवलेल्या फिरत्या चाकाखाली) पॉइंट आणि कंडेन्सर हे स्पार्क पाडणारे जुन्या पद्धतीचे भाग असलेल्या, चेन ब्रेक नसलेल्या जुन्या पेट्रोल चेनसॉसाठी आहे. १९५९ साली आलेली स्टिल काँट्रा आणि तिच्याच वंशातली ०७० ही त्यातली ओळखीची उदाहरणं: १०६ सीसी, ५८ मि.मी. बोअर, ४० मि.मी. स्ट्रोक, डायफ्रॅमचा टिलॉटसन एचएल कार्बोरेटर. इतर मेकच्या मशिनचे आकडे थोडे वेगळे असतील, पण कामाचा क्रम तोच.

क्रमाबद्दल आधी सांगतो, कारण दुरुस्तीला येणाऱ्या मशिनमध्ये नेहमीची चूक तिथेच असते. मशीन नीट चालेना की माणूस पहिला हात घालतो कार्बोरेटरच्या स्क्रूला. तो शेवटी फिरवायचा. आधी कॉम्प्रेशन, मग स्पार्क, मग हवेची गळती, आणि सगळं जागेवर आहे याची खात्री झाली की कार्बोरेटर.

कॉम्प्रेशन आणि पिस्टन

स्टार्टरची मूठ धरून मशीन हातात लटकवा. सावकाश, थांबत थांबत खाली आलं तर ठीक. सरळ घसरलं तर रिंग किंवा सिलिंडर गेलेला. गेज असेल तर पाच-सहा ओढींनंतर १२० पीएसआयच्या वर आकडा हवा. ९० च्या खाली मशीन सुरू करताना खांदा दुखेल, मशीन मात्र सुरू होणार नाही.

आता सायलेन्सर काढा आणि बॅटरी लावून एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टन पाहा. पाच मिनिटांचं काम आहे, पण मशिनचा सगळा इतिहास तिथे लिहिलेला असतो. उभे ओरखडे एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर तेल कमी पडलेलं किंवा मिश्रण लीन झालेलं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. पिस्टन बदलण्याआधी ते कारण शोधा, नाहीतर नवा पिस्टनही त्याच वाटेनं जाईल.

सिलिंडरला चिकटलेलं पिस्टनचं ॲल्युमिनियम काढायला कॉस्टिक सोड्याचं द्रावण कापसाच्या बोळ्यानं फक्त डागावर लावा. हातमोजे आणि चष्मा हवाच, खोलीही मोकळी हवी. बुडबुडे येतात तोवर ॲल्युमिनियम विरघळतंय. ते थांबले की पाण्यानं धुऊन कोरडं करून तेलाचा हात फिरवा. पुसलं तरी एकाच जागी बुडबुडे येतच राहिले, तर तिथला मुलामा उडालाय आणि सोडा सिलिंडरच खातोय. तो सिलिंडर भंगारात.

नवी रिंग आधी सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट मोजा. दर २५ मि.मी. बोअरला ०.१ मि.मी. हे प्रमाण, ५८ च्या बोअरला साधारण ०.२३ मि.मी. येते.

स्पार्क

प्लगची फट ०.५ मि.मी. पॉइंट पूर्ण उघडे असताना ०.३५ ते ०.४ मि.मी. फीलर गेज लागतोच. ब्लेडच्या अंदाजावर पॉइंट लावू नका. पॉइंटना पॉलिश पेपर घासू नये, त्याचे कण रुततात. बारीक पॉइंट-कानस हलकी फिरवा आणि पेट्रोलमध्ये भिजवलेला स्वच्छ कार्डाचा तुकडा त्यांच्यामधून ओढा. कॉइल आणि मॅग्नेटमध्ये ०.२ ते ०.३ मि.मी. अंतर असावं. व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळला तरी काम होतं.

थंड असताना उत्तम चालून तापल्यावर बंद पडणारं, आणि अर्ध्या तासानं पुन्हा सुरू होणारं मशीन आलं तर आमचा पहिला संशय कंडेन्सरवर, दुसरा कॉइलवर. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा दिसला तरी कंडेन्सरच बदला. पॉइंटवर तेल आलं असेल तर ते पुसून भागणार नाही. मागचा क्रँकचा ऑइल सील गेलाय.

मॅग्नेट सोडवताना प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडून पिस्टन अडवा. पिस्टननं एक्झॉस्टचं भोक झाकल्यावरच दोरी घाला, नाहीतर ती भोकात अडकून कापली जाते. लोखंडी अडकण नको, पिस्टनला भोक पडतं. क्लच बहुतेक मशिनवर उलट्या आट्यांचा असतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेनं सुटतो. मॅग्नेटच्या पात्यांवर हातोडी मारू नका. मॅग्नेट क्रँकवर जागेवर धरणारी छोटी चावी कापली गेली असेल तर टायमिंग सरकतं आणि ओढताना दोरी हाताला झटका देते.

हवेची गळती

जुन्या मशिनचा खरा घात इथे होतो. वीस-तीस वर्षांत सीलचं रबर कडक होतं, क्रँककेसमध्ये बाहेरची हवा शिरते, मिश्रण लीन होतं आणि पिस्टन सीझ होतो. रेस सोडल्यावर इंजिनाचा आवाज लगेच खाली न येता वरच रेंगाळतो, किंवा मशीन उभं-आडवं धरल्यावर आयडल (रेस न देतानाची चाल) बदलतो, ही त्याची खूण. स्क्रू फिरवून ही खूण थोडा वेळ लपवता येते, म्हणूनच ती धोक्याची.

तपासायला इनटेक आणि एक्झॉस्ट रबराच्या तुकड्यानं बंद करून ०.५ बार दाब भरा आणि सील व गॅस्केटच्या कडेला साबणाचं पाणी लावा. मग तेवढाच व्हॅक्यूम द्या. दोन्ही वेळा काटा किमान २० सेकंद हलता कामा नये. व्हॅक्यूमची चाचणी टाळू नका: काही सीलची ओठपट्टी दाबाखाली घट्ट बसते आणि ओढीखाली सुटते.

पेट्रोल, ऑइल आणि मग कार्बोरेटर

पंपावरच्या साध्या टू-टी ऑइलचं प्रमाण १:२५, म्हणजे लिटरला ४० मि.लि., पाच लिटरच्या कॅनला २०० मि.लि. १:५० फक्त चेनसॉसाठीच्या चांगल्या ऑइलवर. प्रमाण बदललं की सेटिंगही बदलावं लागतं: ऑइल वाढलं तर त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण लीन होतं. हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या डायफ्रॅमला व नळ्यांना ते सोसत नाही. पाणी जास्त झालं की इथेनॉलसह ते टाकीच्या तळाशी बसतं. टाकीतला पिकअप (पेट्रोल ओढणारं टोक) तेच आधी ओढतो, आणि त्यात ऑइल जवळजवळ नसतं. पावसाळ्यात महिन्याहून जुनं मिश्रण वापरू नका; मशीन ठेवून देताना टाकी रिकामी करून बंद पडेपर्यंत चालवा.

कार्बोरेटर उघडलात की डायफ्रॅम, गॅस्केट आणि सुई एकत्रच बदला. टिलॉटसन एचएलची सुईची पट्टी खोलगटाच्या तळाशी समपातळीत हवी. वर राहिली तर पेट्रोल वाहतं, खाली गेली तर उपासमार.

एल (कमी वेगाचा) आणि एच (जास्त वेगाचा) दोन्ही स्क्रू हलक्या हातानं पूर्ण बंद करून एकेक फेरा उघडा. मशीन तापू द्या. आधी एल, मग आयडल. आयडलवर चेन फिरता कामा नये. शेवटी एच: लाकडाबाहेर पूर्ण रेसवर आवाज किंचित फडफडता हवा आणि लाकडात शिरताच तो मोकळा व्हावा. बाहेरच शिट्टीसारखा स्वच्छ आवाज येत असेल तर तो ऐकायला छान, पिस्टनला घातक. एच लगेच थोडा उघडा.

चेन आणि बार

सलग तीन रिव्हेटच्या मध्यांतलं अंतर मोजून दोननं भागा: १०.३ मि.मी. आलं तर ०.४०४ ची चेन आणि ५.५ ची गोल कानस, ९.३ आलं तर ३/८ ची चेन आणि ५.२ ची कानस. कोन ३० अंश, कानस आतून बाहेरच. डेप्थ गेज (दातापुढचा बुटका उंचवटा) दातापेक्षा ०.४०४ ला ०.८ मि.मी., ३/८ ला ०.६५ खाली हवा. तो जास्त घासला तर चेन लाकडात हिसके मारते. दर धारेला बार उलटा करा, खाच आणि तेलाचं भोक साफ करा. दोन चेन झिजल्या की एक स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) बदला. इंजिनचं जळकं ऑइल बारला घालू नका. त्यातले धातूचे कण पंप खातात.

दोन धोके

या मशिनला चेन ब्रेक नाही. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन तोंडाकडे उसळतं, आणि अडवणारं काही नसतं. त्यामुळे टोकानं कापू नका, खांद्याच्या वर मशीन नेऊ नका, झाडावर चढून तर नाहीच.

दुसरा धोका वर्कशॉपमधला. पांढरी भुकटी धरणारी बॉडी बहुतेक मॅग्नेशियमची असते. तिला ग्राइंडर लावू नका, कीस पेटतो. पेटलाच तर पाणी टाकू नका, आग भडकते. कोरड्या वाळूची बादली शेजारी ठेवा.

सुटे भाग मागताना मॉडेल, सिरियल नंबर आणि कार्बोरेटरवर कोरलेला नंबर पाठवा. सीलसाठी आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून कळवा. नुसत्या फोटोवरून आम्ही सील देत नाही.