‘फायदा’, ‘तोटा’ आणि शेवटी निर्णय: इंग्रजीत कसे बोलाल?
(संभाषण वर्गाला येणाऱ्या हॉटेल, दुकान व टॅक्सी व्यवसायातील मंडळींसाठी)

उत्तर गोव्यातल्या मोप विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये विमाने सुरू झाली, तेव्हापासून पाहुण्यांचा एक प्रश्न ठरलेला: परतीचे तिकीट मोपचे काढू की गोव्याच्या जुन्या दाबोळी विमानतळाचे? मोपच जवळ पडणाऱ्या हरमलच्या गेस्ट हाऊसवर बसलेल्याला उत्तर पाठ असते. तरी तोंडून निघते एवढेच: “मोपा इज गुड.”

पूर्ण उत्तर असे द्या: “द मेन अ‍ॅडव्हांटेज ऑफ फ्लाइंग फ्रॉम मोपा इज दॅट इट्स मच क्लोजर. द ओन्ली ड्रॉबॅक इज दॅट द फेअर मे बी हायर.”

हे घोकू नका, मराठीशी ताडून पाहा. ‘मोपहून जाण्याचा फायदा हा, की ते जवळ आहे.’ ‘चा’ म्हणजे ‘ऑफ’, ‘जाणे’ म्हणजे ‘फ्लाइंग’, ‘हा, की’ म्हणजे ‘इज दॅट’. सांधा जसाच्या तसा बसतो. ‘अ‍ॅडव्हांटेज टू फ्लाय’ म्हटले की तो निखळतो. ‘इट इज हॅविंग अ‍ॅडव्हांटेज’ हेही चूक. ‘इट हॅज’ म्हणा.

मराठी आडवी येते ती ‘जरी-तरी’मध्ये. दोन्ही शब्द लागतात या सवयीने आपण ‘ऑलदो इट इज कॉस्टली, बट इट इज निअर’ म्हणतो. इंग्रजीत दोहोंपैकी एकच ठेवा.

‘बट’ कुठे टाकता ते फार महत्त्वाचे. “इट्स निअर, बट कॉस्टली” ऐकून पाहुणा दाबोळीकडे वळेल. “इट्स कॉस्टली, बट निअर” ऐकून मोपकडे. ‘बट’नंतर येते ते तुमचे मत समजले जाते, मराठीतल्या ‘पण’सारखेच.

‘वर्थ’नंतर ‘पेइंग’, ‘टू पे’ नव्हे. ‘प्रिफर’ला ‘टू’ लागतो, ‘दॅन’ नाही: “आय प्रिफर मोपा टू दाबोलिम.” ‘ऑन द अदर हँड’ एकटे चालते. ‘ऑन द वन हँड’ने सुरुवात केलीत तर मात्र दुसरी बाजू सांगावीच लागते.

एका शब्दप्रयोगाला जपा. ‘टेक अ‍ॅडव्हांटेज ऑफ द डिस्काउंट’ म्हणजे सवलतीचा लाभ घ्या. ‘ऑफ’पुढे माणूस आला की अर्थ होतो गैरफायदा. “वी टेक अ‍ॅडव्हांटेज ऑफ अवर कस्टमर्स” हे दुकानाच्या पाटीवर कधीही लिहू नका.

दोन्ही बाजू मांडून गप्प राहिलात, तर विचारणारा होता तिथेच राहतो. म्हणून शेवटी: “ऑन बॅलन्स, आय वुड गो फॉर मोपा.” किंवा “इफ आय वेअर यू, आय वुड टेक मोपा.” ‘यू मस्ट’ टाळा, तो हुकूम वाटतो.

पुढच्या तासाला येताना तुमच्या धंद्यातला एक खरा प्रश्न आणा. पावसाळ्यात खोल्या चालू ठेवाव्या की बंद, असा. दोन फायदे, एक तोटा, एक निर्णय, मिळून चार वाक्ये. ती मोबाईलवर रेकॉर्ड करा, मग ऐकताना ‘अ‍ॅडव्हांटेज’पुढचा ‘ऑफ’ आणि ‘इंग’ तपासा.