भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये मतदान: पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रे

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या बऱ्याच मराठी मंडळींचा समज असतो की ब्रिटिश पासपोर्ट हाती येईपर्यंत इथल्या निवडणुकीशी आपला संबंध नाही. हा समज चुकीचा आहे. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला पार्लमेंटपासून नगर परिषदेपर्यंत सगळ्या निवडणुकांत मत देता येते. बर्मिंगहॅममध्ये वीस वर्षे राहणाऱ्या, पण ब्रिटिश नागरिकत्व न घेतलेल्या फ्रेंच डॉक्टरला खासदार निवडण्याचा हक्क नाही. गेल्याच महिन्यात नागपूरहून एमएस करायला आलेल्या मुलीला तो आहे.

हे आत्ता सांगण्याचे कारण आहे. मे २०२५ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने स्थलांतरावरची श्वेतपत्रिका काढली. कायम वास्तव्याची परवानगी, म्हणजे आपण ज्याला आयएलआर म्हणतो ती, पाच वर्षांऐवजी साधारणपणे दहा वर्षांनी द्यावी असा प्रस्ताव त्यात होता. स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या आयटीवाल्यांच्या आणि नर्सेसच्या घरांत त्यावरून चिंता पसरली, आणि ती रास्तच होती. पण खासदार आणि त्यांचे कार्यकर्ते दारोदार फिरतात ते मतदार यादी हातात घेऊन. त्या यादीत नाव नसेल तर आपली नाराजी मोजलीच जात नाही.

एका मताने काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी दोन आकडे. जुलै २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत लंडनच्या हेंडन मतदारसंघात मजूर पक्षाचा उमेदवार १५ मतांनी निवडून आला. १ मे २०२५ ला रनकॉर्न आणि हेल्स्बीची पोटनिवडणूक रिफॉर्म यूके या पक्षाने ६ मतांनी जिंकली. आणि १८९२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले माजी प्राध्यापक दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्सबरीतून पार्लमेंटवर गेले, ते अवघ्या काही मतांच्या फरकाने.

पात्र कोण?

ब्रिटनमध्ये राहण्याची वैध परवानगी असलेला आणि तिथे प्रत्यक्ष राहणारा भारतीय नागरिक. व्हिसा स्टुडंट, ग्रॅज्युएट, स्किल्ड वर्कर किंवा डिपेंडंट, कोणताही चालतो. किती वर्षे राहिलात याची अट नाही. मुलाकडे किंवा मुलीकडे काही आठवड्यांसाठी आलेले आईवडील मात्र यात बसत नाहीत, कारण त्यांचे वास्तव्य ब्रिटनमध्ये नसते.

पार्लमेंटच्या मतदानासाठी वय १८ लागते. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये नाव १६ व्या वर्षापासून नोंदवता येते. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ते १४ व्या वर्षापासूनच, कारण तिथल्या स्थानिक आणि प्रादेशिक निवडणुकांत १६ व्या वर्षी मत मिळते. ब्रिटनभर मतदानाचे वय १६ करण्याचा निर्णय सरकारने जुलै २०२५ मध्ये जाहीर केला. घरात त्या वयाची मुले असतील तर कायद्यातल्या या बदलाकडे लक्ष ठेवा.

एक शंका नेहमी विचारली जाते: इथे मत दिल्याने भारतीय नागरिकत्व जाते का? नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यावर ते जाते, आणि मतदार यादीत नाव घालणे म्हणजे नागरिकत्व घेणे नव्हे.

नोंदणीचा अर्ज

अर्ज सरकारच्या गव्ह डॉट यूके या संकेतस्थळावर 'रजिस्टर टू व्होट' या पानावर भरायचा. शुल्क काहीही नाही आणि पाच-दहा मिनिटांत काम होते. नाव, जन्मतारीख, पत्ता, राष्ट्रीयत्व आणि एनआय नंबर, म्हणजे नॅशनल इन्शुरन्सचा क्रमांक, एवढेच विचारतात. एनआय नंबर पगाराच्या स्लिपवर असतो. अजून नोकरी न लागलेल्या विद्यार्थ्याकडे तो नसेल तर तसे कारण लिहून अर्ज पुढे न्या. कौन्सिलचे, म्हणजे स्थानिक पालिकेचे, मतदार नोंदणी कार्यालय मग पासपोर्टसारखा पुरावा मागते. त्यांचे पत्र किंवा ईमेल आले की लगेच उत्तर द्या. अनेकांचे अर्ज अडकतात ते इथेच.

नोंदणी प्रत्येकाची स्वतंत्र असते. नवऱ्याने अर्ज केला म्हणून बायकोचे नाव यादीत येत नाही, आणि चौघे मिळून घर भाड्याने घेतले असेल तर चौघांनी चार अर्ज करायचे. होस्टेलमधला विद्यार्थीही होस्टेलच्या पत्त्यावर नाव नोंदवू शकतो.

नाव लिहिताना विशेष काळजी घ्या. आपल्या पासपोर्टवर बहुधा स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव असते, आणि कंपनीच्या कागदांवर ते गळलेले असते. अर्जात पासपोर्टप्रमाणेच नाव लिहा. लग्नानंतर आडनाव बदलले, पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे, अशा वेळी मतदानाला जाताना विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवा.

मतदानाच्या दिवसाआधी १२ कामाचे दिवस, त्या रात्री बारापर्यंत, ही नोंदणीची शेवटची मुदत. निवडणूक जाहीर होण्याची वाट बघू नका. यादीत नाव असल्याचा आणखी एक लाभ म्हणजे बँका आणि मोबाइल कंपन्या पत्ता पडताळायला ही यादी वापरतात. नव्याने आलेल्या माणसाची क्रेडिट नोंद उभी राहायला त्याची मदत होते. आपला तपशील कुणालाही विकत मिळू नये असे वाटत असेल तर अर्जातच खुल्या यादीतून नाव वगळण्याचा पर्याय निवडा. त्याने मताच्या हक्काला बाधा येत नाही.

मतदान केंद्रावर काय न्यायचे?

२०२२ च्या निवडणूक कायद्याने फोटो ओळखपत्र सक्तीचे केले, आणि मे २०२३ पासून इंग्लंडमध्ये त्याची अंमलबजावणी सुरू झाली. आपल्यासाठी दिलासा असा की राष्ट्रकुल देशाचा पासपोर्ट मान्य आहे, म्हणजे भारतीय पासपोर्ट पुरतो. मुदत संपलेला असला तरी फोटोवरून ओळख पटली की झाले. ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्सही चालते. आधार, पॅन, भारतीय मतदार ओळखपत्र, भारतीय लायसन्स, विद्यापीठाचे किंवा कंपनीचे कार्ड यांतले काहीही चालत नाही. मूळ कागदच लागतो, मोबाइलवरचा फोटो नाही. त्यामुळे ई-व्हिसाचा इथे उपयोग नाही.

पासपोर्ट नूतनीकरणाला दिलेला असेल तर? मग 'व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट' हे मोफत मिळणारे ओळखपत्र मागवा. त्याचा अर्ज मतदानाआधी ६ कामाच्या दिवसांपर्यंत, सायंकाळी पाचच्या आत पोचला पाहिजे. किंवा टपाली मतदान घ्या. त्याला फोटो ओळखपत्र लागत नाही, पण मुदत आधी संपते: ११ कामाचे दिवस आधी, सायंकाळी पाच. स्कॉटिश पार्लमेंट, वेल्सचे सेनेड (तिथले विधिमंडळ) आणि त्या दोन्ही प्रदेशांतल्या स्थानिक निवडणुकांना ओळखपत्राची सक्ती नाही. उत्तर आयर्लंडची ओळखपत्रांची यादी आणि टपाली मतदानाचे नियम वेगळे आहेत.

केंद्र सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत उघडे असते. घरी आलेले पोल कार्ड (मतदानाची सूचना देणारे कार्ड) नेले नाही तरी चालते. पार्लमेंटच्या मतपत्रिकेवर पसंतीच्या एकाच नावापुढे फुली मारायची.

दोन निवडणुकांच्या मधल्या काळात

पुढची सार्वत्रिक निवडणूक ऑगस्ट २०२९ पर्यंत केव्हाही होऊ शकते. तोवर एखाद्या निर्णयावर म्हणणे मांडायचे असेल तर पार्लमेंटच्या संकेतस्थळावरची याचिका हा अधिकृत मार्ग आहे. ब्रिटनमध्ये राहणारा कुणीही, नागरिक नसला तरी, तिच्यावर सही करू शकतो. १०,००० सह्या झाल्या की सरकार लेखी उत्तर देते, १,००,००० झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. आधीच आलेल्या स्किल्ड वर्कर मंडळींसाठी पाच वर्षांची अट कायम ठेवा, या याचिकेने तो टप्पा ओलांडला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्यावर चर्चा झाली. चर्चेने कायदा बदलत नाही. पण आपल्या खासदाराने त्या दिवशी काय भूमिका घेतली हे कायमचे नोंदले जाते, आणि ते त्याच्या 'सर्जरी'ला, म्हणजे मतदारांना भेटण्याच्या वेळेला जाऊन विचारता येते.

पक्षांचे सदस्यत्वही लक्षात घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये लिझ ट्रस पंतप्रधान झाल्या त्या सार्वत्रिक निवडणुकीतून नव्हे, तर हुजूर पक्षाच्या सदस्यांच्या मतांवर: त्यांना ८१,३२६, ऋषी सुनक यांना ६०,३९९. हुजूर आणि मजूर हे दोन्ही पक्ष ब्रिटिश नागरिक नसलेल्या रहिवाशांनाही सदस्य करून घेतात. मजूर पक्षाची त्यासाठी वर्षभराच्या वास्तव्याची अट आहे. सदस्यत्व किती जुने असले की नेता निवडायला मत मिळते, हे त्या-त्या पक्षाच्या नियमांत आधी वाचा.

घर बदलले की मतदार नोंदणी आपोआप नव्या पत्त्यावर जात नाही, कौन्सिल टॅक्सचा पत्ता बदलला तरीसुद्धा. नव्या घराची किल्ली मिळाली की त्याच आठवड्यात पुन्हा अर्ज भरा.