वेग ठरतो शेवटच्या किलोमीटरवर

सिंधुदुर्ग जिल्ह्याचे क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार तेथे सुमारे साडेआठ लाख लोक राहतात. सिंगापूरचे क्षेत्रफळ साधारण ७३५ चौरस किलोमीटर आहे आणि लोकसंख्या साठ लाखांच्या आसपास आहे. जमीन सातपट आणि माणसे एक सप्तमांश, असा हा उलटा हिशेब आहे. घरगुती इंटरनेटच्या वेगाच्या जागतिक याद्यांमध्ये सिंगापूर सतत पहिल्या काही क्रमांकांत का असते, याचे निम्मे उत्तर या हिशेबातच मिळते. उंच इमारतीच्या तळाशी एक केबल आणून सोडली की तिच्यावर दीडशे-दोनशे घरे जोडता येतात. आमच्याकडे तेवढी घरे जोडायची म्हटले तर पाच वाड्या, दोन वहाळ, एक घाटी आणि मधल्या कलमांच्या बागा ओलांडाव्या लागतात.

उरलेले निम्मे उत्तर मात्र लोकसंख्येच्या घनतेत सापडत नाही. आइसलँडमध्ये चौरस किलोमीटरमागे चार माणसेसुद्धा भरत नाहीत, तरीही तेथील बहुतेक घरांपर्यंत प्रकाशतंतू, म्हणजे आपण ज्याला सरसकट फायबर म्हणतो ते, पोहोचलेले आहे. तेथील जवळजवळ दोन तृतीयांश लोक राजधानी रेक्याविक आणि तिच्या आसपास एकवटलेले असल्यामुळे देशाची सरासरी घनता दिसायला कमी असली तरी घरे एकमेकांजवळ आहेत. कोकणात नेमके याच्या उलट आहे. जर्मनी तर श्रीमंतही आहे आणि दाट वस्तीचाही आहे, पण घरगुती वेगाच्या बाबतीत तो स्वतःहून गरीब असलेल्या रुमानियाच्या मागे राहिला. या कोड्याकडे वळण्यापूर्वी एक गैरसमज दूर करावा लागेल.

इंटरनेट रखडू लागले की ‘समुद्रातली केबल तुटली असेल’ असे आमच्या किनाऱ्यावर हमखास म्हटले जाते, आणि समुद्र समोरच असल्यामुळे ते खरेही वाटते. मुंबईचे या केबलांशी नाते जुने आहे. ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबई आणि एडन यांच्यामध्ये तारायंत्राची केबल टाकली ती १८७० मध्ये. आज मुंबईत उतरणाऱ्या समुद्री केबलांपैकी काही कोकणासमोरूनच अरबी समुद्रातून दक्षिणेकडे जातात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ भूमध्य समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा भारतातील इंटरनेट खरोखरच मंदावले होते. परंतु अशा घटना विरळ असतात, आणि आज आपण पाहतो त्यातले पुष्कळसे व्हिडिओ परदेशातून येतच नाहीत. मोठ्या कंपन्या त्यांच्या प्रती मुंबईसारख्या शहरांतील संगणकांवर साठवून ठेवतात आणि तिथूनच आपल्याला पुरवतात.

शिवाय अंतरामुळे होतो तो विलंब, आणि विलंब व वेग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुंबईहून सुटलेली एस.टी. रत्नागिरीला किती तासांत पोहोचते, हा विलंब झाला. एका रात्रीत अशा किती गाड्या सुटू शकतात, हा इंटरनेटच्या भाषेतला वेग झाला. काचेतून जाताना प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते रत्नागिरी हे सुमारे साडेतीनशे किलोमीटरचे अंतर जाऊन-येऊन त्याला साडेतीन सहस्रांश सेकंद लागतात, तर मुंबई ते न्यूयॉर्क जाऊन-येऊन किमान सव्वाशे सहस्रांश सेकंद लागतात. भौतिकशास्त्राचा हा नियम जगातल्या सर्व देशांना सारखाच लागू आहे, त्यामुळे सेकंदाला किती मेगाबिट मिळतात यातला देशादेशांतला फरक त्यातून निघत नाही. तो निघतो घराजवळच्या शेवटच्या किलोमीटर-दोन किलोमीटरच्या तारेतून, आणि त्यातही तिथे आधी कोणती तार होती यातून.

टेलिफोनची तांब्याची जोडतार बोललेला आवाज पोहोचवण्यासाठी केलेली होती, आणि त्यासाठी सेकंदाला साधारण ३,४०० कंपनांपर्यंतची वारंवारता पुरे होत असे. त्याच तारेवरून इंटरनेट नेण्यासाठी अभियंत्यांनी एडीएसएल हे तंत्र काढले आणि त्यात अकरा लाख, पुढे बावीस लाख कंपनांपर्यंतच्या वारंवारता वापरल्या. त्यानंतरच्या व्हीडीएसएल तंत्रात हा आकडा कोटींच्या घरात गेला. वारंवारता जितकी जास्त तितकी माहिती अधिक भरता येते, परंतु तितकाच तो संकेत तांब्यात लवकर विरून जातो. म्हणून एडीएसएलची सुधारित आवृत्ती एक्स्चेंजजवळच्या घराला सेकंदाला वीसएक मेगाबिट देत असली, तरी पाच किलोमीटरवरच्या घराच्या वाट्याला एखाद-दुसरा मेगाबिटच येतो. व्हीडीएसएलचे शंभर मेगाबिट काही शे मीटरच्या आतच मिळतात. खाऱ्या हवेने तारांच्या जोडांवर चढलेला हिरवा गंज आणि पावसात खड्ड्यातल्या जोडांत शिरलेले पाणी यांची यात भर घातली, म्हणजे आषाढात आमचा टेलिफोन नुसता खरखरत का असे आणि त्यावरचे इंटरनेट का चालत नसे, हे कळते.

दक्षिण कोरियाने सुरुवातीला आघाडी घेतली ती याच तांब्याच्या तारेवर. तेथे मोठ्या संख्येने लोक उंच सदनिकांच्या संकुलांत राहतात, त्यामुळे यंत्रसामग्री इमारतीपर्यंत आणली की उरलेली तार मीटरांतच मोजावी लागते. १९९९ मध्ये तेथील सरकारने इमारतींना त्यांच्या दळणवळण-सोयींनुसार दर्जाचे प्रमाणपत्र देण्याची योजना सुरू केली, आणि घर विकताना ते प्रमाणपत्र मिरवता येऊ लागल्यावर बांधकाम करणारेच चांगल्या तारा घालू लागले. सरकारने खोदकामाचा सगळा खर्च न करताही बाजार कसा हलवता येतो, याचे हे मला फार आवडणारे उदाहरण आहे.

जर्मनीची अडचण अशी झाली की तिथले तांबे चांगले होते. प्रत्येक घरी टेलिफोनची निगुतीने राखलेली तार, आणि १९८० च्या दशकापासून अनेक शहरांत केबल टीव्हीचे जाळे, अशी दुहेरी सोय असल्यामुळे नवी फायबर टाकण्यापेक्षा जुन्याच तारेतून आणखी थोडा वेग पिळून काढणे प्रत्येक वेळी स्वस्त वाटत राहिले. विशेष म्हणजे एकीकरणानंतर पूर्व जर्मनीच्या काही भागांत १९९० च्या दशकातच फायबर टाकण्यात आली होती. मात्र तिच्यावर बसवलेली यंत्रे टेलिफोनपुरती असल्यामुळे, तांब्यावर चालणारे डीएसएल जेव्हा देशभर पसरू लागले तेव्हा तेच भाग त्याला मुकले. वेगवेगळ्या कंपन्यांची जाळी जिथे एकमेकांना जोडली जातात अशा, जगातल्या सर्वांत मोठ्या इंटरनेट-विनिमय केंद्रांपैकी एक फ्रँकफर्टमध्ये आहे, आणि तरी त्याच देशातली खेडी कित्येक वर्षे संथ इंटरनेटबद्दल कुरकुरत राहिली. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये ९० टक्के घरांना थेट फायबर देण्याचे जाहीर केले होते. २०१३ मध्ये सरकार बदलल्यावर खर्च वाचवण्यासाठी शेवटच्या टप्प्यात अनेक ठिकाणी जुने तांबेच ठेवण्याचे ठरले, आणि २०२० मध्ये त्यातल्या लक्षावधी घरांसाठी पुन्हा फायबरकडे वळावे लागले. रुमानियात जुन्या टेलिफोन-तारांचा मोह धरावा अशी त्यांची स्थितीच नव्हती. तिथल्या वसाहतींत हौशी तरुणांनी एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर तारा टाकून गल्लीपुरती जाळी उभी केली, पुढे मोठ्या कंपन्यांनी ती विकत घेतली आणि त्यांच्या जागी फायबर आली.

सिंगापूरने मालकीचा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. जमिनीतली फायबर एका संस्थेकडे, तिच्यावरची यंत्रे दुसरीकडे आणि ग्राहकाला सेवा विकणारे तिसरीकडे, अशी विभागणी असल्यामुळे एकाच तारेवर अनेक विक्रेते स्पर्धा करतात आणि रस्ता मात्र एकदाच खोदला जातो. आमच्या बाजारपेठेत एकाच खांबावर चार कंपन्यांच्या काळ्या केबलांची गुंडाळी लोंबकळताना दिसते आणि अर्ध्या किलोमीटरवरच्या वाडीत एकही नसते, तेव्हा या विभागणीची आठवण येते.

आता फायबरकडे वळू. शास्त्रज्ञ चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये असे दाखवले की काचेतून प्रकाश फार दूर जात नाही याचे कारण स्वतः काच नसून तिच्यातली अशुद्धता आहे, आणि किलोमीटरमागे घट २० डेसिबलपर्यंत खाली आणली तर दूरसंचारासाठी काच वापरता येईल. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने ती मर्यादा गाठली. काव यांना २००९ चे नोबेल मिळेपर्यंत ही घट ०.२ डेसिबलच्या आसपास येऊन बरीच वर्षे लोटली होती. दर तीन डेसिबलला प्रकाश साधारण निम्मा होतो, असे धरले तर आजच्या काचेतून पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक राहतो.

आपल्याकडील घरगुती फायबर बहुधा जीपॉन या पद्धतीने चालते. केंद्रातून निघालेला एकच तंतू वाटेत एका छोट्या डबीत विभागला जातो आणि ३२ किंवा ६४ घरांना जातो. ही डबी विजेवर चालत नाही. ती प्रकाशाचे नुसते वाटे करते. ३२ वाटे करायचे म्हणजे प्रकाश पाच वेळा निम्मा होतो, त्यात १५ डेसिबल जातात आणि प्रत्यक्षात सतराच्या आसपास. या पद्धतीच्या नेहमीच्या यंत्रांना एकूण २८ डेसिबलपर्यंतची घट चालते, म्हणजे निघालेल्या प्रकाशाचा सुमारे ६३०वा भाग घरी पोहोचला तरी पुरतो. हातात उरले अकरा डेसिबल, आणि ते काचेच्या लांबीपेक्षा माणसांच्या हातून अधिक खर्च होतात. यंत्राने नीट मारलेला जोड एक दशांश डेसिबलही खात नाही. पण धूळ बसलेला कनेक्टर, खिडकीच्या चौकटीत करकचून वाकवलेली वायर आणि तुटल्यावर पावसात घाईने मारलेले पाच-सहा जोड मिळून ती शिल्लक संपवतात. तांब्याची तार अंतराप्रमाणे हळूहळू मंदावते, तर फायबर पुरेसा प्रकाश असेपर्यंत पूर्ण वेग देते आणि त्याखाली गेले की एकदम बंद पडते. मग घरातल्या डब्यावर लाल दिवा लागतो.

हे जोड इतके का पडतात, याचे उत्तर जमिनीत आहे. फायबरच्या जाळ्यात काच स्वस्त आणि खोदकाम महाग असते. जांभ्याच्या कातळात चर खणणे म्हणजे चिऱ्याच्या खाणीतलेच काम, आणि वाडीकडे जाणारी पाखाडी दोन्ही बाजूंच्या गडग्यांमध्ये इतकी अरुंद असते की यंत्र आत शिरत नाही. त्यात जमीन सामाईक असते. एका सातबाऱ्यावर वीस नावे आणि त्यांतली पंधरा माणसे मुंबईत, अशा ठिकाणी केबल पुरायला संमती कोणाची घ्यायची? इंग्लंडमधील लँकेशायरच्या ग्रामीण भागात शेतकऱ्यांनी २०११ नंतर स्वतःच्या शेतांतून स्वतःच चर खणले आणि घरोघरी एक गिगाबिटची सेवा नेली, पण तिथे शेताचा मालक समोर उभा होता. आपल्याकडे २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट हे नाव मिळालेल्या योजनेचे उद्दिष्ट ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याचे होते. पंचायतीचे कार्यालय आणि शेवटची वाडी यांमध्ये डोंगर असलेल्या गावात ते अंतर कागदावर दिसत नाही.

म्हणून केबल खांबांवरून आणि झाडांवरून जाते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आदळले तेव्हा विजेचे खांब आणि माडपोफळी आडव्या झाल्या आणि त्यांच्याबरोबर तारा गेल्या. वादळ नसतानाही आंब्याच्या फांद्या, रस्ता रुंद करणारी यंत्रे आणि माकडे हे काम थोड्या प्रमाणात करतच असतात.

वाटून घेण्याचाही प्रश्न आहे. जीपॉनची एकूण क्षमता सेकंदाला सुमारे २,४८८ मेगाबिट असते. ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण मागणी केली तर प्रत्येकाला ३९ मेगाबिटही मिळत नाहीत. एरवी सगळे एकदम मागत नाहीत, म्हणून शंभराची योजना विकता येते. गणपतीत चाकरमानी आले की हे गृहीतक कोलमडते, आणि गावच्या केंद्रातून पुढे शहराकडे जाणारी लाइन बारीक असेल तर त्याहून आधी.

यातले काहीच जागतिक याद्यांत दिसत नाही. त्या याद्या लोकांनी स्वतःहून केलेल्या चाचण्यांवर आधारलेल्या असतात. त्यामुळे ग्राहकाने कोणती योजना घेतली आहे आणि चिऱ्याच्या ओल्या जाड भिंतीपलीकडे वायफाय किती पोहोचते, हेही त्या आकड्यात मिसळते. कायद्याच्या व्याख्याही सारख्या नाहीत. भारतात २०२३ पासून सेकंदाला किमान दोन मेगाबिट असेल तर त्याला ब्रॉडबँड म्हणतात. अमेरिकेत २०२४ पासून घराकडे येणाऱ्या दिशेने शंभर लागतात. शिवाय चाचणी करायची तर लाइन चालू असावी लागते. गेल्या श्रावणात आमच्या वाडीत नऊ दिवस डब्यावर लाल दिवा होता आणि त्या नऊ दिवसांत वाडीतून त्या लाइनवर एकही चाचणी झाली नाही. दहाव्या दिवशी वायरमन आला, शेजाऱ्याने धरलेल्या छत्रीखाली त्याने गडग्यावर बसून जोड मारला, दिवा हिरवा झाल्यावर मोबाइलवर वेग मोजला आणि मला दाखवला. आकडा होता ९६.