आयसीयूतल्या पेशंटसाठी प्रोटीन पावडर घ्यायला आलाय? आधी हे वाचा

आमचं सर्जिकल आणि मेडिकल न्यूट्रिशनचं छोटं दुकान मिरजेच्या दवाखान्यांच्या भागात आहे. वॉनलेस साहेबांनी 1894 ला इथं दवाखाना काढला तेव्हापासून जतपासून अथणीपर्यंतचे पेशंट मिरजेला येतात, आणि त्यांच्यातले बरेच नातेवाईक कधी ना कधी काउंटरवर येऊन एकच वाक्य बोलतात, "सगळ्यात भारी प्रोटीनचा डबा द्या." आता आम्ही विकायलाच बसलोय, पण आयसीयूतल्या पेशंटसाठी भारी डबा असं काही नसतं, त्या पेशंटला आज किती ग्रॅम प्रोटीन द्यायचं हा एक आकडा असतो आणि तो डॉक्टर किंवा दवाखान्याच्या डायटिशियन मॅडम ठरवतात. तेवढा आकडा घेऊन या, बाकीचं आम्ही बघतो.

प्रोटीन एवढं महत्त्वाचं का

माणूस व्हेंटिलेटरवर असतो, इन्फेक्शन असतं किंवा मोठं ऑपरेशन झालेलं असतं, तेव्हा शरीराला जखम भरायला आणि इन्फेक्शनशी झगडायला प्रोटीन लागतं, आणि पोटातनं मिळालं नाही की ते स्नायूतनं काढलं जातं, पगार थांबला की एफडी मोडून घर चालवतात ना तसंच. 2013 ला प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधल्या एका अभ्यासात आयसीयूतल्या पेशंटच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीनं मोजला, तर दहाच दिवसात त्याच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ सरासरी 17-18 टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं, आणि ज्यांचे एकापेक्षा जास्त अवयव फेल झाले होते त्यांचं नुकसान अजून जास्त. डिस्चार्जनंतर आबांना खुर्चीतनं उठता येत नाही, ते यामुळं.

मग भरपूर द्यायचं का? नाही

इथं सगळ्यात जास्त घोळ होतो. धडधाकट माणसाला दिवसाला किलोमागं साधारण 0.83 ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. आयसीयूत अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या 2016 च्या गाइडलाइनमध्ये किलोमागं 1.2 ते 2 ग्रॅम म्हटलंय, युरोपातली गाइडलाइन 1.3 च्या आसपास सांगते आणि तेही हळूहळू वाढवत न्यायला सांगते. त्याच 60 किलोच्या पेशंटला हे अमेरिकेच्या हिशोबानं 72 ते 120 ग्रॅम आणि युरोपच्या हिशोबानं 78 च्या आसपास झाले.

त्याच्या वर गेलं तर फायदा होतो का हे पण तपासून झालंय. 2023 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात (1,300 च्या आसपास पेशंट, 16 देश) एका गटाला दिवसाला किलोमागं 2.2 ग्रॅम किंवा जास्त आणि दुसऱ्याला 1.2 किंवा कमी असं टार्गेट ठेवलं होतं, तर जास्तवाले काही लवकर घरी गेले नाहीत, उलट ज्यांच्या किडनीला मार बसला होता त्यांना जास्त प्रोटीननं त्रासच झाला असावा असं दिसलं. त्याच वर्षी फ्रान्समधल्या अभ्यासात शॉकमध्ये (बीपी खूप खाली गेलेल्या) आणि व्हेंटिलेटरवर असलेल्यांना पहिले काही दिवस मुद्दाम कमी कॅलरी, कमी प्रोटीन दिलं आणि ते आयसीयूतनं बाहेर पडायला लवकर तयार झाले. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसात डॉक्टर नळीतनं थोडंच फीड (पातळ आहार) सोडत असतील तर "पेशंटला उपाशी ठेवलंय" म्हणून भांडायला जाऊ नका. आधीपासून खूप खंगलेल्या पेशंटला तर एकदम भरपूर फीड दिलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम धाडकन खाली येतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

डब्याचं गणित

डबा उलटा करून मागचा तक्ता बघा. समोर मोठ्या अक्षरात हाय प्रोटीन लिहिलंय त्यावर जाऊ नका. "100 ग्रॅममध्ये" आणि "एका सर्व्हिंगमध्ये" अशा दोन रांगा असतात आणि आपला स्कूप किती ग्रॅमचा हे बारीक अक्षरात कुठंतरी खाली असतं. समजा 100 ग्रॅम पावडरीत 40 ग्रॅम प्रोटीन आहे आणि स्कूप 10 ग्रॅमचा आहे, तर एका स्कूपला 4 ग्रॅम. पेशंटला 72 ग्रॅम हवेत आणि दवाखान्याच्या फीडमधनं 55 मिळतायत, म्हणजे वरनं लागले 17, चार स्कूपात (16 ग्रॅम) जवळपास काम झालं. एवढंच. दिवसाला दहा-बारा स्कूप ढवळून देणारी मंडळी आम्ही बघितल्यात, कुणी सांगितलं विचारलं तर "शेजारच्या बेडवाल्यानं".

जिमची पावडर आयसीयूला चालत नाही. काहीत कॅफिन असतं, क्रिएटिन असतं, आणि पूर्ण आहाराला लागणारे क्षार-व्हिटॅमिन त्यात नसतात. पुतण्याकडं उघडा डबा पडलाय म्हणून तो दवाखान्यात आणू नका.

किडनी म्हटलं की लोकं आपणहून प्रोटीन बंद करतात. घरी असलेल्या जुन्या किडनीच्या पेशंटला डॉक्टर कमी सांगतात हे खरं, पण डायलिसिसमध्ये प्रोटीनचे घटक बाहेर निघून जातात, म्हणून डायलिसिसवाल्याला उलट जास्त लागतं. दोघांचे डबे वेगळे येतात आणि चुकीचा गेला तर उलटंच होतं. लिव्हरच्या पेशंटचं पण असंच, आपल्या मनानं बंद करायचं नाही. शुगरवाल्यांनी तक्त्यात साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन (पिष्टापासून बनवलेली पावडर, ती पण शुगर वाढवते) बघावं.

घरनं आणलेलं

वरणाचं पाणी ताकदीचं असतं असं प्रत्येक मावशी सांगते. गाळलं की डाळ गाळणीत राहते आणि तिच्याबरोबर प्रोटीन पण, पेल्यात फार तर दोन-तीन ग्रॅम उतरत असतील. 100 मिली दुधात तीन-चार ग्रॅम, एका अंड्यात सहा. कच्चं अंडं दुधात फेटून नळीतनं अजिबात देऊ नका, इन्फेक्शनचा धोका असतो, आणि उकडलेलं मिक्सरला फिरवलं तरी कण राहतात, नळी तुंबते. आयसीयूत असेपर्यंत घरचं काही द्यायचं असेल तर सिस्टरना विचारल्याशिवाय नाहीच.

घरी राईल्स ट्यूबवर (नाकातनं पोटात गेलेली फीडची नळी) पेशंट नेणार असाल तर थोडं नीट ऐका. फीड देताना आणि नंतर तासभर डोकं 30 ते 45 अंश वर पाहिजे, एक उशी टाकून होत नाही, पाठच उचलायला लागते. फीडच्या आधी आणि नंतर 20-30 मिली पाणी सिरिंजनं सोडायचं. पावडर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कालवा, उकळत्या पाण्यात गुठळ्या होतात. कालवलेलं फीड बाहेर चार तासाच्या वर ठेवायचं नाही, उन्हाळ्यात तर लगेच संपवा, राहिलं तर ओता, जीव जळला तरी ओता. गोळ्या फीडमध्ये मिसळू नका, वेगळ्या विरघळवून द्या, आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटायच्याच नसतात, कुठल्या ते आमच्या फार्मासिस्टला दाखवा.

तोंडानं खायला लागल्यावर, म्हणजे गिळता येतंय हे दवाखान्यानं तपासल्यावरच, दही, पनीर, मऊ मटकी, पिठलं, अंडं असं थोडं थोडं दिवसभरात वाटून द्या, एकाच वेळी ताट भरून नको. आणि फिजिओथेरपी चुकवू नका, नुसत्या पावडरीनं स्नायू बनत नाही, हातपाय हलायला लागतात.

दुकानात येताना पेशंटचं वजन, डॉक्टरांनी सांगितलेले ग्रॅम, चालू फीडचं नाव, आणि किडनी-शुगर-लिव्हरचं काही असेल तर ते, एवढं मोबाइलमध्ये लिहून आणा, चिठ्ठीचा फोटो असला तर उत्तमच. पहिल्यांदा लहान डबाच न्या, कारण आयसीयूत आकडा दोन दिवसात बदलू शकतो, आणि सील फोडलेला डबा आम्हाला परत घेता येत नाही. न फोडलेला बिलासकट आणलात तर घेऊ.